डाव्या हाताची खुर्ची

नगरपालिकेच्या सभेत अध्यक्षांच्या डाव्या हाताची खुर्ची वहिनींची. अध्यक्षांना जन्मापासून दिसत नव्हतं. पण बोलायला लागले की जीभ तलवार, आणि त्या तलवारीचं म्यान म्हणजे त्यांची बायको. सगळं गाव तिला वहिनी म्हणे. टेबलाखाली तिचा गुडघा एकदा लागला की 'पुरे'. दोनदा लागला की 'समोरच्याचं काही चांगलं बोला'. एवढ्या दोन खुणांवर निवडणुकांमागून निवडणुका निघाल्या होत्या.

त्या दिवशी मात्र अविश्वास ठराव होता. आणणारा भोंगा, हे नाव त्याला आवाजानं मिळवून दिलेलं. अध्यक्षांना एक मत कमी पडत होतं. ज्या सभागृहात ते तरुणपणी भिंत चाचपत शिरले, तिथून आज मान खाली घालून निघायचं होतं.

सभा सुरू होता होता भोंग्याची पाठ धरली. गादीची खुर्ची एकच, वहिनींची. तो कण्हत तिच्यात टेकला, वहिनी मागे स्टुलावर गेल्या. अध्यक्षांनी तोवर बसल्या जागी उत्तर सुरू केलं होतं.

"या भोंग्याला मी ओळखून आहे," ते म्हणाले, "हा माणूस..."

भोंग्याला धास्ती वाटली की पाय हलवायची खोड होती. गुडघा दोनदा लागला.

अध्यक्ष अडखळले. "...हा माणूस आवाजाचा सच्चा आहे."

सभागृहात माना वळल्या. भोंगा चपापला, पाय आणखी हलला. अध्यक्षांनी आणखी कौतुक केलं. जितकं कौतुक, तितका भोंगा कासावीस. जितका कासावीस, तितका गुडघा जोरात. मागून वहिनी खोकून खोकून थकल्या.

"पुराच्या रात्री दिवे गेले," अध्यक्ष सांगत होते. "पुलावर उभा राहून हा रात्रभर हाका मारत होता. सगळे म्हणतात, हा नुसता ओरडतो. मी त्या हाकेचं बोट धरून घरी आलो."

गुडघा थांबला. अध्यक्षही थांबले.

भोंगा काहीतरी पुटपुटला. सचिवांनी विचारलं, "काय म्हणालात? ऐकू येत नाही." भोंग्याला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानं डोळे पुसून पुन्हा सांगितलं, "ठराव मागे घेतो."

घरी आल्यावर वहिनींनी चहा पुढ्यात ठेवला. "अहो, तो गुडघा माझा नव्हता."

"मला ठाऊक आहे. दिसत नाही म्हणून काय तुझा गुडघा कळत नाही? तुझा बजावतो. त्याचा बिचाऱ्याचा थरथरत होता. म्हटलं, घाबरलंय लेकरू, जरा धीर द्यावा."

"आणि मी खोकत होते ते?"

"ऐकलं की. जन्मभर तुझंच ऐकलं, एक दिवस नाही ऐकलं." अध्यक्ष खुशीत आले. "बघ, तुझ्या खुणेवाचून जिंकलो. आता मी एकटा..."

"गादीची खुर्ची त्याला द्यायला कोण उठलं होतं?" वहिनींनी शांतपणे विचारलं.

अध्यक्षांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. टेबलाखाली गुडघा लागला. एकदाच.

ते मुकाट्यानं चहा प्यायले.