चार बोटं डावीकडे

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात गोळीबार झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण भेटायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी तो लावून पाहिला. बाबा पहाटे झोपेत गेले, अगदी शांतपणे. आदला दिवस मात्र अजिबात शांत नव्हता!

शनिवार होता. रविवारी बाबांची पहिलीवहिली स्पर्धा. एअर रायफल, दहा मीटर, साठीच्या वरच्यांचा गट. जन्मभर विमा कचेरीत बसून लोकांना धोके समजावून सांगणाऱ्या माणसानं निवृत्तीनंतर बंदूक हातात घेतली, तेव्हा नातेवाइकांना वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला. मला मात्र कॉलर ताठ करून फिरावंसं वाटायचं. कुणाचे वडील बागेत चकरा मारतात, माझे नेम मारतात!

"आज ही अशी लावून ठेवतो," बाबा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "की उद्या छर्र्यानं ठरवलं तरी त्याला दुसरीकडे जाता येणार नाही!"

"भिंती नुकत्याच रंगवल्यात," आई म्हणाली. "तेवढं त्या छर्र्याला सांगून ठेवा."

रायफलला मागच्या बाजूला नवी चकती बसवली होती. तिच्या बारीक भोकाला डोळा लावून नेम धरायचा. चकतीच्या बाजूला एक चावी. ती फिरवली की छर्रा लागण्याची जागा डावी-उजवीकडे सरकते. नवी चकती म्हणजे नव्या नंबरचा चष्मा, जुळवावीच लागते. ती जुळली नाही, तर उद्या सगळ्या नेमबाजी क्लबासमोर बाबांचं हसं होणार होतं.

आमच्या घरात सलग दहा मीटर एकाच ठिकाणी मिळतात: स्वयंपाकघराच्या ओट्यापासून बोळातून थेट न्हाणीघरापर्यंत. तिथे वॉशिंग मशीनवर चिंध्या भरलेली पत्र्याची पेटी आणि तिच्यावर काळ्या वर्तुळाचं कार्ड. बाहेरचं दार बंद, आम्ही दोघी बाबांच्या पाठीमागे.

"लक्षात ठेवा," बाबांनी आम्हाला बजावलं, जणू आम्हीच स्पर्धेत उतरणार होतो. "एका छर्र्यावरून मत बनवायचं नाही. पाच मारायचे. पाचवा सुटेपर्यंत आभाळ कोसळलं तरी नेम सोडायचा नाही!"

पाच मारले. पाचही एकमेकांना खेटून बसले होते, लग्नातल्या फोटोत बसावेत तसे. फक्त वर्तुळाच्या मध्यापासून चार बोटं डावीकडे. बाबांनी मान डोलावली, चार बोटांपुरती चावी उजवीकडे फिरवली आणि डोळ्यांत थेंब घालून गॅलरीतल्या खुर्चीत पडून राहिले.

आता, बाबा विसरतात हे आमच्या घरातलं सर्वमान्य सत्य. मागच्याच आठवड्यात ते एकाच गालाची दाढी करून बँकेत जाऊन आले होते! मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा आईनं कार्डाकडे पाहिलं. छर्रे अजून डावीकडेच. चावी फिरवायला विसरले वाटतं! तिचं सगळं आयुष्य शिलाई मशीनवर गेलेलं. काही वाकडं दिसलं की चावी पिळायची, हा हाताचा धर्म. तिनं पिळली. चार बोटांपुरती.

मग ती भाजी निवडायला बसली आणि मी आले. मीही कार्ड पाहिलं. चकतीबरोबर आलेलं माहितीपत्रक घरात मी एकटीनं वाचलं होतं, आणि वाचणाऱ्या माणसाला जो आत्मविश्वास येतो तो मला भरपूर आला होता. बाबांचा उद्या पचका व्हायला नको, म्हणून मीही फिरवली. शास्त्रशुद्ध. चार बोटांपुरती!

बाबा ताजेतवाने होऊन आले. पाय रोवले, गाल टेकवला. पहिला छर्रा सुटला.

कार्डावर काही उमटलं नाही. न्हाणीघरातून मात्र ‘फिस्स’ असा आवाज आला.

"बाबा, पाणी!"

"मला नको. नंतर पिईन!"

दुसरा छर्रा.

"अहो, पाणी!" आई ओरडली.

"बोलू नका गं! पाच मारायचे!"

तिसरा. चौथा. बोळातून पाण्याचा ओघळ आमच्या पायांपर्यंत आला. बाबांचे मोजे भिजले. तो माणूस हलला नाही! विम्याच्या हप्त्यालाही बाबांनी कधी इतकी निष्ठा दाखवली नसेल. पाचवा सुटला, बाबांनी रायफल खाली घेतली, सावकाश श्वास सोडला आणि विचारलं, "हे पाणी कुठून आलं?"

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य. खांद्यावर टॉवेल, केसांतून पाणी ठिबकत होतं. बाबांच्या हातातली रायफल दिसताच त्यांनी दोन्ही हात वर केले.

"काका, मी तक्रार करायला आलो नाही हं!"

"अहो डॉक्टर, हात खाली घ्या! रिकामी आहे. आणि हल्ली जिथं रोखतो तिथं ती लागतच नाही."

"मग तर जास्तच भीती वाटते, काका!"

नळ बंद करून झाल्यावर चौकशी बसली.

"चावीला कुणी हात लावला?"

"मी फक्त चार बोटं," आई म्हणाली.

"मीही चारच," मी म्हटलं.

"आणि चार माझी!" बाबा कपाळावर हात मारून खाली बसले. चुकीच्या जागी बसले. सगळीकडे पाणी होतं.

प्लंबर आला. त्यानं पेटीच्या उजवीकडून गेलेला मशीनचा पाइप काढला, उलटासुलटा केला, आतून चपटे झालेले शिशाचे तुकडे तळहातावर घेतले. पाच.

"छर्रे पाच आणि भोक एकच?" तो म्हणाला. "काका, बाकीचे चार आत गेले कुठून?"

बाबा उठले. ओल्या पायजम्यानिशी त्यांनी पाइप उजेडात धरला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला मी आजवर शब्द शोधते आहे. पाचही छर्रे एकाच भोकातून गेले होते! दंतवैद्यांना बोट घालून पाहायला लावलं. प्लंबरला दोनदा दाखवलं. मग पाइप घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. नुसते थांबले.

"बाबा, आधी फरशी पुसू या," मी म्हटलं.

संध्याकाळी त्यांनी चकती जुळवली, आमच्यापैकी कुणालाही जवळ फिरकू न देता.

आठवड्यानं क्लबाचे प्रशिक्षक भेटायला आले. खुर्चीत टेकून म्हणाले, "शेवटचा सराव कसा झाला त्यांचा?"

"पाचही छर्रे एका भोकात," मी म्हटलं.

ते ताठ बसले. "मधल्या, दहा गुणांच्या ठिपक्यात?"

"नाही. वॉशिंग मशीनच्या पाइपात."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. हसावं की नाही ते त्यांना कळेना. मग हसलेच. "पाचही एकात म्हणजे हात पक्का होता. बाकीचं काय, चावी फिरवायची."

ते गेल्यावर मी बोळात उभी राहिले. आपल्याकडे थोरांनी धाकट्यांची पाठ थोपटायची असते. उलट कुणी करत नाही. निदान आमच्या घरात कुणी केलं नव्हतं. मी घसा साफ केला.

"शाब्बास, बाबा."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "जरा मोठ्यानं म्हण गं. एवढ्यानं त्यांना ऐकू जायचं नाही."

म्हटलं. इतक्या मोठ्यानं, की खालून दंतवैद्य विचारायला आले, "काकू, परत पाइप फुटला का?"