कोमेट क्लबचा सातवा सभासद

"थेक्ला, ही अकरावी बरणी. बारावी कुठंय?"

पोस्टातून निवृत्त झालेले ओटोमार ग्रीबेल तळघरातल्या फळीसमोर भिंग घेऊन उभे होते. फळीवर आलुबुखाराच्या मुरंब्याच्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडावर जाड कागद दोऱ्याने बांधला होता. कागद उत्तम होता. एकवीस वर्षांपूर्वी, म्हणजे १८९१ साली, ग्रीबेलांनी तो स्वतः निवडला होता. कोमेट फुटबॉल क्लबच्या इतिवृत्ताच्या वहीसाठी.

"बारावी बाल्डुइनला दिली," थेक्लाबाई जिन्यावरून म्हणाल्या. "त्याला मुरंबा आवडतो."

"मुरंबा आवडतो की झाकण?"

"अहो, माझा भाऊ आहे तो."

"तेच तर म्हणतोय मी."

संशयाला कारण होते. महिन्याभराने ग्रुनरोडे शहराला सहाशे वर्षे पूर्ण होत होती. त्या दिवशीच्या मिरवणुकीत शहरातले सगळे क्लब वयाप्रमाणे चालणार होते, सर्वांत जुना पुढे. ग्रीबेलांच्या मते कोमेटची स्थापना एकोणीस सप्टेंबरची. बाल्डुइनच्या फोर्टुना फुटबॉल क्लबची त्याच वर्षीच्या तीन ऑक्टोबरची. मधले चौदा दिवस हेच ग्रीबेलांच्या आयुष्याचे कर्तृत्व होते. आणि गेली नऊ वर्षे दर नाताळाच्या जेवणात बाल्डुइन ग्लास उंचावून म्हणत होता, "पुरावा काय, दाजी?" मिरवणूक समितीनेही आता तेच विचारले होते. स्थापनेची तारीख आणि किमान सात संस्थापकांची नावे, लेखी.

स्थापनेच्या सभेचे पान बाराव्या बरणीवर होते.

बाल्डुइनच्या बुकबाइंडिंगच्या दुकानात ग्रीबेल पोचले तेव्हा तो बोट चाटत होता. "झाकण? ते चुलीत गेलं, दाजी. मुरंबा मात्र झकास होता. ताईला सांगा."

पुस्तके बांधून पोट भरणारा माणूस लिहिलेला कागद चुलीत घालतो, यावर ग्रीबेलांचा विश्वास बसला नाही. पण घरी जाताना त्यांना एक गोष्ट आठवली. त्या काळी तरणीताठी माणसे आखूड विजारी घालून, खांद्यावर गोलाचे लांब खांब घेऊन लष्कराच्या मैदानाकडे निघाली की शहराचा श्वास रोखला जाई. व्यायामशाळेचे गुरुजी तर याला परदेशी रोग म्हणत. अशा रोगाची पोलिसांनी नोंद ठेवली नसेल?

पोलिस ठाण्यात नवा इन्स्पेक्टर होता. झाइडलर त्याचे नाव. बर्लिनहून येऊन त्याला आठ महिने झाले होते आणि आठ महिन्यांत ग्रुनरोडेत संशयास्पद असे काहीही आढळले नव्हते. ही गोष्टच त्याला फार संशयास्पद वाटत होती.

"आमच्या कोमेट क्लबची १८९१ सालची फाईल बघायची होती," ग्रीबेल म्हणाले.

इन्स्पेक्टरने टाक खाली ठेवला. "फाईल आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. असेल असं वाटलं."

"फाईल असावी असं काय केलं होतंत?"

"फुटबॉल खेळलो."

"आणि?"

"आणि काही नाही."

"एकवीस वर्षं काही नाही?" इन्स्पेक्टर त्यांच्याकडे रोखून पाहत राहिला. तेवढ्यात दार उघडून बाल्डुइन आत आला.

"तू इथं कसा?" ग्रीबेल ओरडले.

"तुम्ही पलीकडच्या फुटपाथनं जाताना दिसलात, दाजी. छत्तीस वर्षांत तुम्ही फुटपाथ बदलला नाहीत. म्हटलं, काहीतरी शिजतंय."

इन्स्पेक्टरने दोघांनाही बसवले, दार लावून घेतले आणि हवालदार कुंकेलला फाईल आणायला पाठवले. निवृत्तीला आलेला, भरघोस मिशांचा कुंकेल बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा त्याने चार बोटे जाडीचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि तो शेगडीजवळ, शक्य तितका लांब, जाऊन उभा राहिला.

इन्स्पेक्टर वाचू लागला. "'एकोणीस सप्टेंबर १८९१. सोनेरी बदक खानावळीची मागची खोली.'"

"एकोणीस!" ग्रीबेल उभेच राहिले. "ऐकलंस, बाल्डुइन?"

"'सहा इसम जमले. टेबलावर गोल चामडी वस्तू. आत काय आहे असे विचारता, हवा, असे उत्तर मिळाले. उत्तर समाधानकारक नाही. क्लब काढण्यास सातवा माणूस कमी पडत होता. आपला संशय येऊ नये म्हणून प्रस्तुत अधिकारी सातवा झाला. नाव मायर, धंदा बटणविक्री, असे सांगितले.'"

"मायर?" ग्रीबेल पुटपुटले. "आमचा गोलकीपर मायर? क्लबच्या भिंतीवर फोटो आहे त्याचा. तो तर अमेरिकेला गेला!"

शेगडीजवळून खोकल्याचा आवाज आला. "अमेरिकेला नाही, साहेब. एरफुर्टला बदली झाली होती."

"तुम्ही? अहो, सात वर्षं रोज मला सलाम ठोकताय!"

"हेल्मेटखालचा चेहरा कोण बघतंय, साहेब. त्यात मिशा वाढल्या."

इन्स्पेक्टर पुढे वाचत होता. अहवाल दोनशे बारा होते. "'इसम धावतात. कारण समजले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जावे लागेल.' 'इसम सहा गोलांनी हरले. तरीही पुन्हा जमण्याचा त्यांचा इरादा आहे. अत्यंत संशयास्पद.' 'चिखलात पाळत ठेवणे अवघड जाते. खिळ्यांचे बूट मंजूर व्हावेत.' 'प्रस्तुत अधिकाऱ्याने आज तीन गोल अडवले. कट अद्याप उघडकीस आलेला नाही.'" त्याने मान वर केली. "कुंकेल, चार वर्षांत कट सापडला नाही?"

"सापडला असता, साहेब. पण ऐन वेळी सामना संपायचा."

बाल्डुइन गोड आवाजात म्हणाला, "म्हणजे खरे सभासद सहाच. सातवा सरकारी कामावर."

"त्यानं मत दिलं होतं!" ग्रीबेल म्हणाले.

"सरकारनं दिलं होतं, दाजी."

त्याच दुपारी बाल्डुइनने समितीकडे अर्ज टाकला आणि समितीला तो पटला. पाळतीवरचा पोलिस हा सभासद नव्हे. कोमेटला सातवा खरा सभासद, ओस्टर खाटीक, मार्च १८९२ मध्ये मिळाला; सबब कोमेटची स्थापना तेव्हाची. मिरवणुकीत फोर्टुना बाविसावा, कोमेट तेविसावा.

ग्रीबेलांनी मायरचा फोटो उतरवला, थोडा वेळ हातात धरला आणि पुन्हा लावला, तोंड भिंतीकडे करून. संध्याकाळी कुंकेल साध्या कपड्यांत घरी आला. टोपी हातात होती.

"मी मनापासून मत दिलं होतं, साहेब. अहवालात तसं लिहिता येत नाही."

"खोट्या नावानं दिलंत!"

"नाव खोटं होतं. गोल अडवले ते खरे. प्रत्येक अहवालाच्या शेवटी 'धोका कायम आहे' असं लिहायचो. नसतं लिहिलं तर रविवारची ड्यूटी काढून घेतली असती."

थेक्लाबाईंनी दोघांसमोर पाव आणि मुरंबा ठेवला. ग्रीबेल मुरंब्याला शिवले नाहीत.

चार दिवसांनी पोलिस ठाण्याचे पत्र आले. झाइडलरने फाईल दोनदा वाचली होती. सन १८९१ चा पाळतीचा हुकूम कधीही मागे घेतलेला नव्हता. दोनशे बारा वेळा धोका कायम होता. एवढ्या वर्षांत एकही पुरावा मागे न ठेवणारी संघटना साधी नसते, आणि आता तर तिचा म्होरक्या पोलिसांना काय काय ठाऊक आहे याची चौकशी करायला स्वतः आला होता. असल्या संघटनेला तेविसाव्या जागी, पोलिसांच्या नजरेआड, चालू देणे शक्य नव्हते. तिने सर्वांत पुढे, नगराध्यक्षांच्या बग्गीच्याही पुढे, दोन्ही बाजूंना पोलिस घेऊन चालावे. इसमांच्या सवयी माहीत असल्याने हवालदार कुंकेल डाव्या बाजूस राहील.

ग्रीबेलांनी पत्र तीनदा वाचले आणि थेक्लाबाईंना काळा कोट इस्त्री करायला सांगितले.

मिरवणुकीच्या दिवशी चौकात बँड वाजू लागला आणि सगळ्या शहराने पाहिले: सहाशे वर्षांच्या ग्रुनरोडेच्या अग्रभागी ओटोमार ग्रीबेल झेंडा घेऊन चालले आहेत, मागे कोमेटचे खेळाडू आणि दोन्ही अंगांना चकचकीत हेल्मेटांचा बंदोबस्त. असा मान तर नेमबाज मंडळालाही कधी मिळाला नव्हता. लोकांनी टोप्या काढल्या. कुंकेल कपाळाला आठ्या घालून इसमांवर कडक नजर ठेवत होता आणि त्याची पावले मात्र क्लबच्या पावलांशी तंतोतंत जुळत होती. फोर्टुना बराच मागे, ससेपालक संघाच्या पिंजऱ्यांपाठोपाठ येत होता.

सोमवारी सकाळी ठाणे उघडताच बाल्डुइन उत्तम टोपी घालून झाइडलरसमोर बसला. त्याने दाराकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणला.

"साहेब, आमच्या फोर्टुनाबद्दल थोडं सांगायचं होतं. आम्हीही काही फार सरळ माणसं नाही."

झाइडलरने त्याला पायांपासून टोपीपर्यंत न्याहाळले. कोमेटची फाईल आता पाच बोटे जाड झाली होती. हाताशी भरपूर काम होते.

"तुम्ही अगदी सज्जन माणूस आहात," तो उठून दार उघडत म्हणाला. "शहरात कुणालाही विचारा. या आता."