वेल्डरबाईच्या गालावरचा तीळ

फोटोग्राफरने धूळ उडवायच्या रबरी फुग्याने हवा मारली आणि चित्रातल्या वेल्डरबाईच्या गालावरचा तीळ उडाला.

भिंगताईच्या हातातलं पेन गळून पडलं. संग्रहालयात येणाऱ्या प्रत्येक चित्राची बारीकसारीक नोंद करणं हे तिचं काम. सदानकदा डोळ्याला भिंग लावून बसते म्हणून हे नाव पडलेलं. समोरचं चित्र ड्रायपॉइंट पद्धतीचं होतं, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून, शाई भरून कागदावर घेतलेला छाप. काळ्या काचेचा मुखवटा कपाळावर सारून बसलेली, दमलेली, तरी समोरच्याला जाब विचारणारी वेल्डिंगवाली बाई.

तीळ टेबलावर पडला होता. भिंगताईने त्यावर भिंग धरलं. तिळाला पाय होते.

"चिलट आहे. वाळलंय पार," फोटोग्राफर म्हणाला. "बरं झालं, निघालं."

"अहो, काय बरं झालं? माझी नोकरी निघाली ना त्याच्याबरोबर."

महिन्यापूर्वी तिनेच नोंदीत लिहिलं होतं, 'डाव्या गालावर ठळक तीळ.' ते वाचून संचालकांच्या अंगातच आलं. प्रदर्शनाच्या पत्रकात त्यांनी पानभर त्या तिळावरच लिहिलं. तो तीळ म्हणजे ठिणगीची खूण, तो तीळ म्हणजे कष्टांनी केलेली सही, त्या तिळाशिवाय हे चित्र अपुरं. पत्रकं वाटूनही झाली होती. इतक्या बारकाईने बघणारं माणूस हातचं जाऊ देणार नाही, असं म्हणून त्यांनी तिला नोकरीत कायम करायचं ठरवलं होतं. त्या कागदावर आज सही व्हायची होती, आणि प्रदर्शनाचं उद्घाटनही आजच.

"पेन्सिलने ठिपका देऊ का बारीकसा?"

"चित्रावर? हात तोडून ठेवीन तुमचे."

"मग हेच चिकटवा परत."

वाईट म्हणजे भिंगताईला ते पटलं. तिने चिमट्यात चिलट धरलं, श्वास रोखून गालापाशी नेलं, तोच दार उघडलं. ती दचकली आणि चिमट्यातल्या चिलटाचा भुगा झाला.

दारात संचालक होते, मागे ते चित्र काढणाऱ्या चित्रकारबाई. "या, बाई. या आमच्या भिंगताई. यांनीच तर तो तीळ..." बोलता बोलता त्यांनी बोट चित्राकडे नेलं आणि ते तसंच हवेत राहिलं. "तीळ कुठंय?"

"सर, ते चिलट होतं."

संचालक मिळेल त्या खुर्चीत बसले. खाली फोटोग्राफरची टोपी होती, तेही त्यांना कळलं नाही. "पानभर लिहिलं मी," ते पुटपुटले. "चिलटावर."

चित्रकारबाई तर त्यांच्याहून पांढऱ्याफटक पडल्या. "चिलट? मग मी काय करून बसले?" त्यांनी पिशवीतून नवा छाप काढला. "तुमचं पत्रक वाचलं. माझ्या चित्रावर जन्मात कुणी एवढं लिहिलं नव्हतं हो. मला मात्र तीळ आठवेना. पत्रा काढला, तर त्यावरही दिसेना. म्हटलं, झिजला असेल. म्हणून सुई घेतली आणि टाकला कोरून."

भिंगताईने पाहिलं. तीळ होता. चांगला टपोरा, उजव्या गालावर.

"छाप उलटा येतो ना," चित्रकारबाई ओशाळून म्हणाल्या. "आयुष्य गेलं यात माझं. पण कौतुक झाल्यावर डोकं ठिकाणावर राहतं का कुणाचं?"

मग संचालकांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. "म्हणजे पत्रा आता बदलला. तीळ नसलेले छाप किती काढले होते तुम्ही?"

"हा तुमच्याकडचा एकच."

"लिहा, भिंगताई. तिळाआधीचा एकमेव छाप. अत्यंत दुर्मीळ." ते उठून चित्रासमोर उभे राहिले. "नसलेला तीळ किती बोलतोय बघा."

"आणि माझा कागद, सर?"

"दोन्ही छापांची नोंद करून आणा. लगेच सही करतो."

भिंगताईने भिंग पुसलं, नवा छाप पुढे ओढला आणि 'उजव्या गालावर' एवढं लिहून थांबली. फोटोग्राफरकडून फुगा मागून घेतला आणि तिळावर सणसणीत हवा मारली. तो जागचा हलला नाही, तेव्हा कुठे तिने पुढचं लिहिलं.