चार वाजताचा रिकामा मिक्सर

आमच्या शेजारचे सदूकाका रोज दुपारी चारला मिक्सर लावत. भांडं रिकामं. ना खोबरं, ना मिरची. घरात एकटा विधुर माणूस. मिक्सर स्टुलावर, स्टूल आमच्या सामाईक भिंतीला टेकवलेलं, आणि पाच मिनिटं नुसती घरघर. विचारलं तर म्हणत, "मोटर गंजता कामा नये."

ही नाटे गावातली, ऐंशीनंतरच्या वर्षांतली गोष्ट. काका जन्मभर जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते. निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा मच्छीमार सोसायटीने होड्यांशी बोलायचा सेट त्यांच्याच पडवीत ठेवला. "आवाज पुरेल एवढाच सोडायचा," हे त्यांचं पालुपद. होडीला ऐकू आलं की ते सेटचा जोर कमी करत, आणखी कमी करत; होडीवाला "काय? काय?" करू लागला की केसभर वाढवत. एरियलची तारही माडांना अशी बांधलेली, की तिचं टोक बरोबर बंदराकडे. टोकाच्या दिशेने आवाज फारसा जात नाही म्हणे.

"त्यापेक्षा खुणेच्या शब्दांत बोला की," आमचे हे एकदा म्हणाले.

"खुणा आज ना उद्या कोणतरी सोडवतोच रे. आवाजच पोचला नाय, तर सोडवणार काय?"

म्हातारा मासळीच्या जागा लपवतो, असं गाव म्हणे. त्यात मी पुढे. मी तेव्हा नवी सून, अकलेच्या मानाने कान फार मोठे. माहेराहून आणलेल्या रेडिओवर शॉर्टवेव्हचा काटा फिरवताना काकांचा आवाज सापडला, आणि ऐकलेलं संध्याकाळी विहिरीवर पोचवणं हा माझा धंदाच झाला. ते फिरून काकांच्या कानी गेलं असणार, कारण मिक्सर त्यानंतरच आला. त्याच्या मोटरने माझ्या रेडिओत नुसती खरखर. एरवीचं सगळं खुशाल ऐकू येई. चारचं तेवढं नाही. मग तर मी पेटलेच.

एके दुपारी वीज गेली. मिक्सर घरघरता घरघरता थांबला. काकांचा सेट बॅटरीवर, माझा रेडिओ सेलवर. मी दार लावून कान लावला.

"सुरेश, बाबा बोलतोय. तुझ्या कलमाला मोहर आलाय. आईच्या वर्षश्राद्धाला तुझंही पान वाढलं होतं. ऐकतोस ना?"

सुरेश म्हणजे काकांचा एकुलता मुलगा. त्याने आपल्या मनाने लग्न केलं, म्हणून काकांनीच त्याला सगळ्या वाडीसमोर, "परत उंबरठा चढू नको," असं बजावून घराबाहेर काढलं होतं. आता तो दुसऱ्या बंदराच्या ट्रॉलरवर होता, आणि चारला सेटवर त्याची पाळी असे.

उत्तर आलं नाही. नुसतं दोनदा बटण दाबल्याचं टक्, टक्.

"बरं," काका म्हणाले. "उद्या."

संध्याकाळी विहिरीवर बायकांनी विचारलं, "काय गो, आज काय खबर?"

"कसली खबर? रेडिओ बिघडलाय."

आयुष्यात पहिल्यांदा मी एक बातमी पोटात ठेवली, आणि पोट दुखलं नाही याचं मलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी रेडिओतले सेल काढून मी काकांच्या मिक्सरशेजारी नेऊन ठेवले. त्यांनी सेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सगळं ऐकलंस?"

"होय."

"विहिरीवर?"

"नाही, काका."

त्यांनी मिक्सरची पिन काढली. पुन्हा तो चारला कधी वाजला नाही.

नातवंडांना मी गोष्ट इथवरच सांगते, कारण इथवर मी शहाणी दिसते. खरं म्हणजे आंब्याच्या दिवसांत एकदा आमच्या ह्यांच्या टॉर्चमधले सेल काढून मी रेडिओत घातलेच. काका कलमाला किती आंबे धरलेत ते सांगत होते. टक्, टक् झालं. मग पुन्हा बटण दाबलं गेलं, आणि दाबलेलंच राहिलं. मागे इंजिनाची धडधड.

"बाबा," एक आवाज म्हणाला, "दोन ठेवा. आम्ही येतो."

मी घाईघाईने रेडिओ बंद केला. उपयोग झाला नाही. काका "ठेवतो रे!" असं इतक्या मोठ्याने ओरडले, की ते भिंतीतून ऐकू आलं.