रॉइस टिडमोरचं खिशात मावणारं पिस्तूल

रॉइस टिडमोरनं पिस्तूल घ्यायचं ठरवलं ते दाढी करता करता. ठरवलं तेव्हा गोष्ट एवढीशीच होती. पुढं तिचं काय झालं ते आमच्या चर्चमध्ये अजून कुणी विसरलेलं नाही, आणि कुणी विसरायला लागलं की दुसरं कुणीतरी आठवण करून देतं.

तशा त्याच्या घरात बंदुका नव्हत्या असं नाही. ओक्लाहोमात ज्याच्या घरात बंदूक नाही, त्याला लोक तब्येत विचारतात. कपाटात सासऱ्याची हरणांची रायफल होती, कोठारात सापांसाठी जुनी दुनळी होती. पण ती सगळी घरी बसणारी मंडळी. रॉइसला हवं होतं अंगावर बाळगायचं, आणि बाळगलंय हे कुणाला कळू नये असं.

कारण होतं चर्चचा मागचा बाक. त्या बाकावर आमचे राखणदार बसतात. शर्टाखाली पिस्तूल, तोंडात गाणं आणि डोळे दारावर. त्यांचा म्होरक्या गेलन प्रुइट, जन्मभर फौजदारकी करून निवृत्त झालेला. बाकावरचा एक जण मुलाकडं आर्कान्सोला राहायला गेला आणि जागा रिकामी झाली. पेट्रोल भरताना गेलन रॉइसला हळूच म्हणाला, "एक जागा आहे. काहीतरी लहानसं घेऊन ये. आणि कुणाला बोलायचं नाही."

रॉइसनं नोकरीभर लोकांच्या पाण्याचे मीटर वाचले होते. चर्चनं त्याच्यावर आजवर टाकलेली सगळ्यात मोठी जबाबदारी म्हणजे कबरस्तानातलं गवत कापणं. (तेही एकदा कापताना त्यानं कुणाच्या तरी आजोबांची फुलं कापली होती.) त्यामुळं गेलनच्या त्या वाक्यानं त्याची छाती जी फुगली, ती घरी जाऊन बायकोला सांगेपर्यंत खाली बसेना. (बायकोला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे, असा त्याचा हिशेब.)

नेल्डा कांदा चिरत होती. दर हिवाळ्याच्या तोंडाला घरात हरीण येतं ते तिच्या नेमबाजीनं. रॉइसचं काम ते पिकअपपर्यंत ओढत आणण्याचं.

"तू?" ती म्हणाली.

"मी."

"परवा पिकअपची किल्ली फ्रीजमध्ये सापडली."

"किल्लीची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? ती पण तुझ्याच खिशातून निघाली होती." तिनं कांदा कढईत लोटला. "घेतोस तर मुठीत नीट बसेल असं घे. आणि ते ठेवायचं म्यान आधी बघ, घट्ट, पट्ट्याला बांधायचं. पिस्तुलाचं नंतर बघता येतं."

बायकोचा सल्ला योग्य आहे हे कळायला रॉइसला नेहमी थोडा उशीर होतो. ह्या वेळी जरा जास्तच झाला.

मर्लचं बंदुकांचं दुकान गुरांच्या खाद्याच्या दुकानाला लागून आहे. तिथं काउंटरला टेकून उभे राहिलेले लोक सहसा काही विकत घेत नाहीत, फक्त सल्ला देतात. आणि प्रत्येक जण स्वतःकडं आहे तेच पिस्तूल जगात बरं असं सांगतो. एकानं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर सांगितलं, कधी अडकत नाही म्हणाला. दुसरा म्हणाला, रिव्हॉल्व्हर म्हणजे आजोबांचं काम, चपटं घे, कमरेला लागत नाही. तिसरा म्हणाला, मोठंच घे, लहानाला लाथ फार, गोळी सुटली की हात मागं फेकतं. मर्लनं मधलं एक काढून त्याच्या हातात दिलं. मुठीत छान बसलं.

"पण दिसेल का?" रॉइस म्हणाला.

"कमरेला लावून बघ."

लावलं. वरून शर्ट सोडला. आरशात पाहिलं तर आधीच पोट, त्यात हे, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तरी उभं असताना चालून गेलं असतं. पण रॉइसला एकदम आठवलं, की आपल्याकडं शेवटच्या गाण्याला सगळे दोन्ही हात वर करतात. त्यानं हात वर केले. शर्टही वर गेला.

"दिसलं," काउंटरवरचे सगळे एका सुरात म्हणाले.

"नुसते हात वर करून कळत नाही," एक जण म्हणाला. "गाऊन बघ. गाताना तू डुलतोस."

मग रॉइस टिडमोर बंदुकीच्या दुकानात, दोन्ही हात आकाशाकडं, डोळे मिटून, भजनाची दोन कडवी गायला. पिस्तुलं बदलत गेली आणि कडवी तीच. शेजारच्या दुकानातून खाद्याचं पोतं घेऊन चाललेली एक बाई प्रार्थना चाललीय समजून दारात थबकली आणि तिनं टोपी काढली. प्रत्येक पिस्तूल कुठं ना कुठं डोकावलंच. शेवटी मर्लनं तळच्या खणातून एक काढलं, तळहाताएवढं, पाकिटाहून जरासं जाड. खिशात टाकलं तर खिशाला पत्ता नाही.

"ह्याची लाथ लागते," मर्ल म्हणाला. "आणि ह्याला खिशातलं कडक म्यान हवं. तोंड घट्ट असलेलं."

"कडक दिसेल. मऊ दे."

"मऊ सरकतं."

"दिसत नाही ना?"

मर्लनं खांदे उडवले आणि मऊ दिलं.

माळावर जाऊन रॉइसनं ते चालवून पाहिलं. पहिल्याच गोळीला अंगठ्याच्या बेचक्यात अशी सणक गेली की तो तोंडातल्या तोंडात बायकोचं नाव घेऊन गप्प बसला. पण रविवारी मागच्या बाकावर बसून त्यानं हात वर केले, आणि काही म्हणजे काही दिसलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. इतकं हलकं, की खिशात आहे हे त्यालाच कळत नव्हतं. ह्याचा त्याला फार अभिमान.

जुलैतल्या एका रविवारी प्रार्थनेनंतर अंगतपंगत होती. मागच्या हॉलमध्ये लांब टेबलं, तळलेली कोंबडी, बटाट्याचं सॅलड, मक्याचा ब्रेड, पीचचं कॉबलर (फळांवर पीठ घालून भाजलेलं गोड), बर्फ घातलेला गोड चहा. बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. त्यामुळं सगळी पोरं आत, आणि लपाछपी जोरात. त्यांत रॉइसची नात टिन्ली, साडेचार वर्षांची. हिला लपायला कुठलीही फट पुरते.

रॉइस ताट घेऊन रांगेत उभा होता. रुमाल काढायला खिशात हात घातला. रुमाल होता. मऊ म्यान होतं. म्यानात काही नव्हतं.

 त्यानं दुसरा खिसा चाचपला, मग पहिला पुन्हा, जणू मधल्या वेळात ते परत आलं असेल. त्याच्या गुडघ्याजवळून तीन पोरं ओरडत गेली. टेबलक्लॉथ खाली लोंबत होते, त्यांच्याखालून चिमुकले बूट दिसत होते. आणि ह्या सगळ्यात, कुठंतरी, पोराच्या हाताला पोहोचेल अशा जागी, भरलेलं पिस्तूल.

कुठं पडलं? मोटारीत? नाही, प्रार्थनेला होतं. होतं ना? (हलकेपणाचा तोटा आता कळला. होतं तेव्हाही वाटत नव्हतं, नव्हतं तेव्हाही वाटलं नाही.) मग आठवलं. पॅसेजमधला तो जुना खोल कोच. त्यावर बसून त्यानं टिन्लीच्या सँडलचा पट्टा लावला होता.

तो ताट तसंच कुणाच्या तरी हातात देऊन निघाला. कोचावर मिस अलीटा बसल्या होत्या, आमचे पाद्री ब्रदर केंडल यांच्या आई. (आमच्याकडं आजीबाईंनाही मिसच म्हणतात.) पर्स मांडीवर, पर्सवर हात, हातांवर झोप.

"मिस अलीटा, तुम्हाला इथं काही सापडलं का?"

त्यांनी एक डोळा उघडला. "काय हरवलंय बाळ?"

आता इथं जो सरळ बोलला असता तो सुटला असता. पण गेलननं कुणाला बोलायचं नाही म्हटलं होतं. शिवाय गावभर झालं असतं, की नवा राखणदार स्वतःचंच हत्यार राखू शकत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची आपली जुनी खोड.

"चष्म्याचं घर," रॉइस म्हणाला. "काळं. लहानसं."

"चष्म्याचं घर नाही बाई दिसलं."

"जरा उठता का? मागं पडलं असेल."

त्या उठल्या, दोन खुर्च्यांना धरून. रॉइसनं कोचात कोपरापर्यंत हात घातला. एक पेन्सिल निघाली, एक चुंबक, दातांची अर्धी कवळी निघाली. पिस्तूल नाही.

"ही वर्नाची," मिस अलीटा कवळीकडं बघून म्हणाल्या. "ती ईस्टरपासून शोधतेय."

म्हणजे कुणीतरी उचललं होतं. कोचावर चढतं कोण? पोरं. रॉइसच्या कानशिलावरून घामाची धार लागली. त्यानं टेबलांखाली वाकून पाहिलं, कोटांच्या खुंट्यांमागं पाहिलं, पियानोचं झाकण उघडून पाहिलं. बायकांच्या पर्स भिंतीला रांगेनं ठेवल्या होत्या. त्यांत पोरांनी टाकलं असेल म्हणून त्यानं एक उघडली, मग दुसरी.

"टिन्ली कुठं लपलीय?" त्यानं एका पोराला दंडाला धरून विचारलं.

"सांगितलं तर खेळ कसला?" पोरगं म्हणालं आणि निसटलं.

इकडं हॉलच्या कोपऱ्यात गेलन प्रुइट कोंबडीची तंगडी खाली ठेवून उभा राहिला होता. त्यानं आपल्या माणसांना महिनाभर शिकवलं होतं, कुणावर नजर ठेवायची ते. ज्याला उगाच घाम फुटलाय, जो कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही, जो सारखा खिसा चाचपतो, जो पोरांच्या खोलीकडं वळतो. समोर रॉइस हे सगळं एकदम करत होता.

"गेलन," एक बाई येऊन म्हणाली, "नेल्डाचा नवरा आमच्या पर्स उघडतोय."

"पाहिलं मी."

मागच्या बाकावरचे लोक जागेवरून हलले. एक दाराशी गेला, एक पियानोशी. गेलनसकट तिघांचेही हात शर्टाच्या कडेला. बाकीच्यांना आधी काही कळलं नाही, मग काटे-चमचे एकेक करून थांबले.

रॉइस पोरांच्या खोलीच्या दाराशी पोहोचला होता.

"रॉइस," गेलन म्हणाला, आवाज फौजदारकीतला. "हात खिशातून बाहेर काढ. सावकाश."

"गेलन, मी आहे."

"तू आहेस ते दिसतंय. हात काढ."

रॉइसनं हात काढले. बर्फ वितळून चहाच्या पिंपात एक खडा खाली बसला, तोही ऐकू आला. नेल्डा वाढायचा चमचा हातात धरून तशीच उभी होती. आणि त्या शांततेत मागच्या खोलीतून टिन्लीचा आवाज आला.

"आजोबा, मला काहीतरी सापडलं."

ती दारात आली. दोन्ही हात पाठीमागं.

"टिन्ली," रॉइस म्हणाला.  "बाळा, हलू नको. बोट कशावर ठेवू नको."

"काळं आहे," टिन्ली म्हणाली. "आणि लहान. ओळख."

रॉइस गुडघ्यांवर बसला. मग चारी पायांवर. तसाच रांगत तिच्याकडं निघाला, आणि जाता जाता सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझं पिस्तूल हरवलंय. मगाशीच सांगायला हवं होतं. भरलेलं आहे. सगळ्यांनी मागं व्हा."

टिन्लीनं हात पुढं केले. ओंजळीत एक काळा रातकिडा होता. त्यानं मिशा हलवल्या आणि रॉइसच्या टकलावर उडी मारली.

कुणी हसलं नाही. कारण "पिस्तूल हरवलंय" म्हटल्याबरोबर हॉलमधल्या प्रत्येकाचा हात आपापल्या वस्तूवर गेला होता. कुणाचा कमरेला, कुणाचा घोट्याला, कुणाचा पर्सला. ब्रदर केंडलनं बायबलच्या कातडी वेष्टणाची चेन चाचपली. कॉबलर वाढणाऱ्या वर्नानं एप्रनच्या आत हात घातला, आणि ती गाणाऱ्यांत सगळ्यात पुढं, हात वर करून उभी राहते, तरी कधी कुणाला काही दिसलं नव्हतं. मागचा बाक उगाच राखण करत होता असं त्या क्षणी बऱ्याच जणांना वाटलं.

"माझं आहे जागेवर," असं सगळीकडून हळूहळू ऐकू आलं.

मग मिस अलीटा पॅसेजमधल्या कोचावरून उठून हॉलच्या दारात आल्या. "पिस्तूल?" त्या म्हणाल्या. "तू तर चष्म्याचं घर म्हणालास." त्यांनी पर्स उघडली आणि ते काढलं, नळी जमिनीकडं, गोळ्या काढून रुमालात वेगळ्या बांधलेल्या. "हे का? मी बसले तेव्हा टोचलं. तेव्हाच रिकामं केलं. स्वयंपाकघरात जाऊन एकेकीला विचारून आले. माझं अगदी असंच आहे ना, फक्त ह्यात मावतात त्याहून दोन गोळ्या जास्त. पण एकीचंही नव्हतं."

"पुरुषांना विचारायचं होतं, मिस अलीटा," गेलन म्हणाला.

त्यांनी ते लहानसं पिस्तूल तळहातावर उलटसुलट करून पाहिलं. "अरे, हे पुरुषाचं असेल असं मनातच नाही आलं."

तेव्हा मात्र हॉल हसला, ताटं पडतील इतका. रॉइस जमिनीवरच होता. नेल्डानं येऊन त्याला उठवलं, डोक्यावरचा किडा काढला, आणि ते रिकामं पिस्तूल स्वतःच्या पट्ट्यात खोचलं.  हे सगळ्यात वाईट, असं रॉइस नंतर सांगायचा. पण त्यानं टिन्लीला जी उचलून धरली ती जेवण संपेपर्यंत खाली ठेवली नाही. तिला कॉबलर त्याच्या खांद्यावरच खावं लागलं, आणि ते बरंचसं त्याच्या शर्टानं खाल्लं.

पुढच्या रविवारपासून मागच्या बाकावर मिस अलीटा बसायला लागल्या. गेलननं स्वतः जाऊन विचारलं. रॉइसलाही त्यानं अगदी काढून टाकलं नाही. माणूस चांगला आहे, म्हणाला, एक काम देतो. मिस अलीटांना पायऱ्या चढवत नाहीत, तर त्यांना मोटारीपासून बाकापर्यंत आणायचं, आणि त्यांची ती मोठ्या गुलाबांची पर्स सगळ्यांच्या देखत हातात धरून चालायचं. रॉइस ते मनापासून करतो. फक्त पर्स त्याच्या हातात देण्याआधी मिस अलीटा ती उघडतात, आतलं पिस्तूल काढून आपल्या झग्याच्या खिशात टाकतात, आणि मग म्हणतात, "घे बाळ, आता धर."