दगडू कंपाउंडरला कुणी मारलं?

दर बुधवारी संध्याकाळच्या आत पुंजाराम मास्तरांना एक खुनी हजर करावा लागे. खून आयता मिळायचा, अडत असे ते खुन्यापाशी.

त्याचं असं झालं होतं. बहात्तरचा दुष्काळ सरला, मुंबईत टेलिव्हिजन आलं, आणि जालन्यात 'जागता पहारा' नावाचं साप्ताहिक काढणाऱ्या बद्रीनाथच्या मनानं घेतलं की मुंबईच्या पेपरांसारखं टेलिव्हिजनचं परीक्षण आपल्याही पेपरात आलंच पाहिजे. जालन्यात टेलिव्हिजन दिसत नव्हतं, सगळ्या गावात मिळून एकही संच नव्हता. बद्रीनाथला ही बाब अगदीच किरकोळ वाटत होती.

"मास्तर, आपण दिल्लीच्या राजकारणावर अग्रलेख लिहितो का न्हाई?" तो म्हणाला. "मंग? आपल्या मस्तगडावरून दिल्ली दिसती का?"

मास्तरांना हा युक्तिवाद पटला. शिवाय आपलं नाव छापून आलेलं कुणालाही आवडतं, आणि शाळेत मराठी शिकवणाऱ्या पुंजाराम मास्तरांना ते जरा जास्तच आवडे. त्यांनी मान डोलावली. मुंबईच्या टेलिव्हिजनवर 'सबनीसांचा संशय' नावाची मालिका लागते आणि त्यात सबनीस नावाचे खासगी गुप्तहेर दर आठवड्याला एक खून उलगडतात, एवढी माहिती बद्रीनाथनं काढून आणली होती. पुढचं सगळं मास्तरांनी बघायचं होतं, म्हणजे न बघता लिहायचं होतं.

ऐन वेळी हाताशी आला तो शहागडचा रायभान. हा मास्तरांचा जुना विद्यार्थी. शाळेत असताना एक कविता धड पाठ झाली नाही, पण आता मोसंबीचा ट्रक घेऊन दर आठवड्याला मुंबईला जायचा आणि परत येताना मास्तरांच्या पाया पडायचा.

"टीव्ही ना? आपल्या सेठच्या बंगल्यावर हाये की," रायभान म्हणाला. "मी दर खेपेला बघून राह्यलो. सोफ्यावर बसून."

मास्तरांना त्याला मिठी मारावीशी वाटली. तेव्हापासून रायभान खेपेहून आला की मास्तरांच्या ओसरीवर मांडी घालून बसे आणि सगळा भाग सांगे. सांगण्यात मात्र तो वस्ताद होता. खून करून दाखवताना त्यानं मास्तरांची दोन उपरणी फाडली होती. खोट एकच होती. सबनीस सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात गोळा करत, घसा खाकरत, आणि नेमका तिथं रायभान थांबे.

"मंग?" मास्तरांची बायको शिवकन्या हातातलं पीठ तसंच धरून विचारी.

"मंग काय, वैनी? सेठ म्हणला, रायभान, गाडी लाव. गेल्तो गाडीकडं."

परीक्षणाला शेवट तर हवाच. पहिले काही खुनी मास्तरांनी स्वतः पकडले. पण त्यांचे खुनी पकडले गेल्याबरोबर पश्चात्तापानं गहिवरत आणि दारूच्या दुष्परिणामांवर बोलू लागत. "अवं, ह्यो खुनी हाये का तुमचा हेडमास्तर?" असं शिवकन्या म्हणाली, तेव्हा मास्तरांनी लेखणी खाली ठेवली.

कोपऱ्यात ज्वारी निवडत बसलेली त्यांची धाकटी बहीण बेबीनंदा मान वर न करता म्हणाली, "दादा, जो सगळ्यांच्या आधी रडायला लागला, त्यानंच मारलं."

मास्तरांनी तसं लिहिलं, आणि गावातल्या मस्तगड भागातल्या सलूनमध्ये ते परीक्षण मोठ्यानं वाचलं गेलं. दाढीला साबण लागलेल्या गिऱ्हाइकानं उठून टाळ्या वाजवल्या म्हणतात. त्या दिवसापासून खुन्यांचं खातं बेबीनंदाकडे गेलं आणि परीक्षणाचं मास्तरांकडे राहिलं. मास्तरही बेताबातानं लिहिणाऱ्यांतले नव्हते. "सबनीसांचा अभिनय संयत असला, तरी छायाचित्रणात अंधार फार," असं ते ठणकावत. "संवाद चुरचुरीत" असंही अधूनमधून लिहीत. एका आठवड्यात डोकं दुखत होतं म्हणून "संवाद रटाळ" असा शेरा मारून मोकळे झाले.

सगळ्यांत गाजला तो दगडू कंपाउंडरचा भाग. दवाखान्यातल्या दगडू नावाच्या कंपाउंडरचा खून होतो, संशय डॉक्टरवर येतो, आणि शेवटी डॉक्टरची सासू खुनी निघते. तीही विष घालून नव्हे, वरवंट्यानं मारते. या शेवटानं जालना हादरलं. बऱ्याच घरांतून वरवंटे जरा आतल्या बाजूला ठेवले गेले.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात बद्रीनाथ बेबीनंदासाठी स्थळ घेऊन आला.

"आपले वर्गणीदार हायेत, अण्णासाहेब. मूळचे राजूरचे, तुमच्याच नात्यागोत्यातले. मुंबईला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून हायेत. पोरगा पोस्टात. आन् मेन गोष्ट, पोरगी मास्तरीण झाली तर त्यांना चालतंय. उलट पाहिजे म्हणले."

 बेबीनंदा डी.एड. झाली होती. आधीची स्थळं चांगली होती, पण 'शिकली ते ठीक, आता घर सांभाळा' या पाटीवर येऊन थांबणारी होती. तिनं प्रत्येक वेळी नकार दिला होता आणि प्रत्येक नकारानंतर शेजारपाजारचे मास्तरांना रस्त्यात गाठून तिचं वय विचारत होते. या वेळी तिनं नकार दिला नाही. पत्र्याच्या पेटीतलं डी.एड.चं प्रमाणपत्र काढून तिनं उन्हात ठेवलं, एवढंच. मास्तरांनी ते बघितलं. हे स्थळ हातचं जाता कामा नये, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"एक राह्यलंच," बद्रीनाथ जाता जाता म्हणाला. "त्यांच्या घरी टीव्ही हाये म्हणं. सबनीसाचा एक भाग सोडत न्हाईत. रविवारी आले की पयले तुमच्याशी त्याच्यावरच बोलणार हायेत."

मास्तरांनी कप खाली ठेवला. मुंबईचा माणूस, घरी टेलिव्हिजन, एकही भाग न सोडणारा! जालन्यात बसून हा गृहस्थ परीक्षणं कशी लिहितो, एवढं त्यानं विचारायचा अवकाश. खोटं छापणाऱ्या माणसाच्या बहिणीला कोण सून करून घेईल?

रात्रभर तळमळल्यावर त्यांना उपाय सुचला. रायभाननं भाग बघितले आहेत. बैठकीला तोच शेजारी असला म्हणजे झालं. अडलं की तो सांगेल.

"मी कशाला, गुरुजी?" रायभानचा चेहरा उतरला. "सोयऱ्यांच्या बैठकीत डायव्हरचं काय काम?"

"तू बघितलंयस ना सगळं?"

"बघितलंय की. बिलकुल बघितलंय."

"मग रविवारी ये. वेळेवर ये."

रविवारी अण्णासाहेब आले. जाड भिंगाचा चष्मा, हातात छत्री. बरोबर पत्नी दुर्गाबाई आणि खाली मान घातलेले चिरंजीव. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे आले. मास्तरांनी मुंबईच्या हवेचा विषय काढला, पोस्टाच्या कारभाराचा काढला, राजूरच्या गणपतीच्या गर्दीचाही काढला. अण्णासाहेबांनी एकेक विषय पोह्यातल्या मिरचीसारखा बाजूला सारला आणि खिशातून 'जागता पहारा'चा अंक काढला.

"मास्तर, हा दगडू कंपाउंडरचा भाग."

"चांगला होता," मास्तर म्हणाले. "छायाचित्रणात अंधार जरा…"

"त्या कंपाउंडरचं नाव दगडू. हे तुमाला कुठून कळलं?"

"म्हणजे… टेलिव्हिजनवर सांगितलं की."

"कुणी?"

"सबनीसांनीच."

"कधी?"

"खून झाल्यावर. आधी सांगून काय उपयोग?" मास्तरांनी पोह्यांची बशी त्यांच्यापुढं सारली. आतल्या दाराआड शिवकन्येनं पदर तोंडात धरला. मास्तर आशेनं बाहेरच्या दाराकडे बघत होते, आणि तेवढ्यात मोसंब्यांची पाटी घेऊन रायभान उंबऱ्यात आला. त्यानं बैठकीवर नजर टाकली, पाटी खाली ठेवली आणि आल्या पावली वळला.

"रायभान!" अण्णासाहेब ओरडले. "तू इथं?"

"साहेब! तुमी?" रायभान चाचरत म्हणाला. "आपलं ते… गाडीला ग्रीस लावायचं राह्यलंय. जल्दी जातो."

"थांब," मास्तर उठले. "तुम्ही ओळखता एकमेकांना?"

रायभाननं एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा अण्णासाहेबांकडे बघितलं आणि उंबऱ्यावरच बसकण मारली.

"गुरुजी, माफी करा. सेठच्या बंगल्यात मला कोण घेतंय? मी फाटक बघितलंय बंगल्याचं. ह्ये साहेब आमच्या गोदामावर कारकून हायेत. बाजूला चहाची टपरी हाये, तिथं ते टीव्हीची ष्टोरी सांगतेत. सगळे डायव्हर ऐकतेत. मी ऐकली न् तुमाला सांगितली."

मास्तर पुन्हा जागेवर बसले. संपलं सगळं. आता हे लोक पोहे अर्धे टाकून उठणार आणि बेबीनंदाचं प्रमाणपत्र पुन्हा पेटीत जाणार. त्यांना आत बघवेना.

तोवर बेबीनंदाच चहाचं तबक घेऊन बाहेर आली. तिनं ते हातातच धरून ठेवलं.

"मामा, एक विचारू का? दगडूचं नाव टीव्हीवर आलं असंल, तर ते दादाला कुठून कळलं, हे तुमी इचारलं काहून?"

अण्णासाहेबांच्या हातातली छत्री खाली पडली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दुर्गाबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की त्या बघण्यातच निम्मं उत्तर होतं.

"सांगा आता," त्या म्हणाल्या. "गोदामात झाकलं, इथंबी झाका."

"ते नाव टीव्हीवर आलंच न्हाई," अण्णासाहेब हळूच म्हणाले. "ते मी ठेवलंय."

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या घरी टेलिव्हिजन नव्हतं. चाळीसमोर एका डॉक्टरचं घर होतं, त्यांच्या खिडकीतलं टेलिव्हिजन यांच्या खिडकीतून दिसे. दिसे, पण ऐकू येत नसे. पडद्यावर माणसं नुसती तोंडं हलवत आणि काय बोलत असतील ते अण्णासाहेब जुळवत. नावंही तेच ठेवत. आणि सबनीसांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं की डास येतात म्हणून डॉक्टरीणबाई खिडकी लावून घेत.

"गोदामात सगळे इचारतेत, मंग पुढं? मी म्हणायचो, सांगतो आठ दिवसांनी. तुमचा पेपर टपालानं आला की त्यातला शेवट सांगायचो. लोक म्हणतेत, असा शेवट कुणाच्या बापाला सुचायचा न्हाई." एवढं बोलून ते मास्तरांकडे वळले. "तुमी 'संवाद चुरचुरीत' लिहायचे ना, मास्तर, मी ते कात्रण पाकिटात ठेवायचो. एकदा 'रटाळ' लिहिलंत. दोन दिवस जेवण गेलं न्हाई मला."

"अहो, त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं!" मास्तर कळवळून म्हणाले. "संवाद उत्तमच होते!"

"एरवी तुमी पात्रांची नावं लिहीत नव्हते. पण दगडूचं नाव छापलेलं बघितलं न् मी चमकलो. नाव माझं, मंग ह्या माणसानं भाग बघितलाच न्हाई. न बघता त्याला शेवट कसा कळला? गोदामात मला चैन पडंना. पोरीला बघायचं तर होतंच, पण खरं सांगू, दगडूला कुणी मारलं ते इचारायला आलो."

मास्तरांनी बेबीनंदाकडे बघितलं. 

बेबीनंदानं तबक खाली ठेवलं.

"दगडूला मी मारलं," ती म्हणाली.

चिरंजीवांना पोह्याचा ठसका लागला. त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून मुलीकडे बघितलं, आणि मग बघतच राहिले.

"सगळे खुनी मीच धरले. दादाचा दोष न्हाई," बेबीनंदा म्हणाली.  "मला नोकरी पाहिजे, हे घरबी पाहिजे. पण खोट्यावर नको. आता काय ते तुमी ठरवा."

"थांब गं," दुर्गाबाई पुढं सरकल्या. "ती डॉक्टरची सासू, वरवंटा घेऊन मागून येती, आन् मारल्यावर त्याच वरवंट्यानं चटणी वाटती. ते तुला सुचलं?"

"व्हय, आत्या."

दुर्गाबाईंनी गुडघ्यावर थाप मारली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमची आई. हुबेहूब तुमची आई! ह्या पोरीनं तिला बघितलंबी न्हाई हो!" आणि त्यांनी बेबीनंदाला ओढून आपल्या शेजारी बसवलं. "पोरगी पसंत हाये. ज्याला पसंत नसंल त्यानं राजूरला जाऊन बसावं."

राजूरला कुणीच गेलं नाही. उन्हाळ्यात लग्न झालं, वऱ्हाड रायभानच्या ट्रकमधून आलं आणि बेबीनंदा मुंबईच्या शाळेत शिकवू लागली. तिकडून शेवट येऊ लागले, मास्तर छायाचित्रणातल्या अंधारावर लिहीत राहिले.

पुढच्या सुट्टीत ती माहेरी आली, तेव्हा ओसरीवर सगळे तिच्याभोवती बसले. डॉक्टरीणबाईंचा मुलगा तिच्याच वर्गात निघाला होता. बाईंना खिडकीची हकिगत कळली, तेव्हा त्या बिचाऱ्या शरमल्या. आता त्या डास येवोत नाहीतर काही येवो, खिडकी शेवटपर्यंत उघडी ठेवतात आणि आवाजही मोठा करतात.

"म्हणजे पूर्ण भाग बघितला!" मास्तर सरसावून बसले. "मग? खुनी कोण होता?"

"मुनीम."

"काहून मारलं?" रायभाननं विचारलं.

"तिजोरीसाठी."

सगळे पुढचं ऐकायला थांबले. पुढं काही नव्हतं.

"बस्स? एवढंच?" शिवकन्या म्हणाली.

"एवढंच, वैनी. मामा तर त्या दिवशी जेवलेच न्हाईत."

"मग आता कसं करता?" मास्तरांनी काळजीनं विचारलं.

बेबीनंदा हसली. "आता सबनीसांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं की मामा उठतेत, म्हणतेत डास लई झाले, आन् आपलीच खिडकी लावून घेतेत."