कान्हू मापाऱ्यांचं मनगट

सापगावचे कान्हू मापारी आपलं दुखणं धान्याच्या मापात सांगत. "आज मनगट कसं आहे?" असं विचारलं की ते क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "मापटंभर." कधी चिपटंभर, कधी पुरतं शेरभर. बरं आहे, ठणकतंय, जरा कमी आहे, असलं मोघम उत्तर त्यांनी दीड वर्षात एकदाही दिलं नाही.

मी तेव्हा शहापुरात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. डॉक्टर तपासत, मी बाटल्या भरत असे आणि नोंदी ठेवत असे. नोंदवहीत "मापटंभर" काय म्हणून लिहायचं? शेवटी मी एक तक्ता करून भिंतीला लावला: चिपटं म्हणजे थोडं, मापटं म्हणजे मध्यम, शेर म्हणजे फार. डॉक्टर आधी हसले आणि आठवड्याभरात तो तक्ता बघायला लागले.

दवाखान्याच्या बाकावर ठकूबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई बसलेल्या असत. त्यांना काही झालेलं नसे, पण त्या रोज येत. कान्हूभाऊ आले की त्या विचारत, "काय रं कान्हू, पायलीभर कवा दुकनार तुजं?"

"शेराच्या वर दुकत नाय," कान्हूभाऊ गंभीरपणे सांगत.

"असं कसं? दुकन्याला काय मापाची अडवन?"

"माप म्हंजे माप, ठकूबाय."

हे त्यांचं पालुपद. धंदाही तोच. शहापूरच्या व्यापाऱ्यांकडे आणि बाजाराच्या दिवशी मुरबाडला जाऊन ते भात-तांदूळ मापून देत. उकिडवे बसायचे, अर्ध्या पायलीचं माप म्हणजे अधोली भरायची, तळव्यानं सपाट करायची, ओतायची. पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणायचं, ही सगळ्याच मापाऱ्यांची रीत, पण कान्हूभाऊंच्या तोंडात ती इतकी बसलेली की औषध किती वेळा घेतलं असं विचारलं तरी ते बोटं दुमडत सांगत, "लाभ, दोन, तीन." माप हलवून दाबून भरायचं नाही, म्हणून शेतकऱ्यांना ते आवडत, पण कणभर उणंही भरायचं नाही, म्हणून व्यापाऱ्यांना आवडत. उलट बाजूनं पाहिलं तर दोघांनाही ते नको असत. तरी दोघं त्यांनाच बोलावत, कारण समोरचा दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवत नसे.

अशा माणसाला औषधाची बाटली देणं ही माझी परीक्षा असे. त्या काळी बाटलीच्या पाठीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची; एक खाच म्हणजे एक डोस. मी पट्टी चिकटवली की कान्हूभाऊ बाटली घेऊन ओणवे होत, टेबल सपाट आहे का ते पाहत, मग पुन्हा बाटली पाहत. "कंपांडरभाऊ, तिसरा डोस जरा अंगानं कमी हाय." मी पट्टी पुन्हा लावायचो. त्यांचं बरोबर असायचं, हे मला अजून आवडत नाही.

एके दिवशी त्यांनी औषध बदलून मागितलं.

"का?" डॉक्टर म्हणाले.

"त्या औषदानं कानात रहाट वाजतो. आनि जेवलं की छातीत जळतंय."

डॉक्टरांनी त्यांना पाठमोरं उभं केलं आणि दाराजवळ जाऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?"

"तीन भाकऱ्या नि सुकट," कान्हूभाऊंनी भिंतीकडे तोंड ठेवून उत्तर दिलं.

डॉक्टरांनी मनगट पिरगळून पाहिलं, बोटं दाबून पाहिली. सूज नाही, सांधा मोकळा. कान्हूभाऊंना मध्येच आठवण झाली आणि त्यांनी "आई गं" केलं, पण तेव्हा डॉक्टरांनी हात सोडला होता. त्यातच आदल्या आठवड्यात मी त्यांना मुरबाडच्या बाजारात दिवसभर त्याच हातानं अधोली उचलताना पाहिलं होतं. मी तसं सांगितलं.

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांचा आवाज फक्त सपाट झाला. "कान न वाजणाऱ्याचे कान वाजतात, हात न दुखणाऱ्याचा हात दुखतो. हे औषध गंमत म्हणून प्यायचं नसतं. पंधरा दिवसांनी या. तोवर नीट काही सांगता आलं नाही, तर औषध बंद."

कान्हूभाऊंचा चेहरा उतरला. तो इतका उतरला की ठकूबाईंनी थट्टा सोडून बाकावर सरकून त्यांना जागा केली. पैज हरलेल्या माणसाचा चेहरा वेगळा असतो. हा एखाद्याच्या घरी वाईट बातमी न्यायची असावी तसा होता.

मला राहवलं नाही. पायरीवर गाठून मी त्यांना म्हटलं, "कान्हूभाऊ, औषध बदलून हवं असेल तर डॉक्टरांना चार गोष्टी सांगाव्या लागतात. कधी दुखतं. किती दुखतं. औषधानं किती वेळ बरं वाटतं. आणि औषधानं त्रास काय होतो. रोजचं रोज टिपून आणा."

"मला लिवता कुटं येतं?"

"मग मापाऱ्यासारखं टिपा."

पंधरा दिवसांनी ते आले आणि डॉक्टरांच्या टेबलावर त्यांनी एक फडकं सोडलं. आत बारा लहान पुरचुंड्या होत्या. दर पुरचुंडीत चिंचोके, गुंजा आणि करवंदाच्या बिया. चिंचोका म्हणजे दुखण्याचं चिपटं. गुंज म्हणजे कान वाजल्याची एक वेळ. करवंदाची बी म्हणजे जळजळ. मी आजवर पाहिलेल्या नोंदींत इतकी स्वच्छ नोंद दुसरी नाही, आणि त्यात माझ्या नोंदी धरल्या आहेत.

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले. एकेक पुरचुंडी उघडून त्यांनी ओळीनं मांडली. औषधाचा डोस मोठा पडतोय हे त्या गुंजांकडे बघून मलाही कळत होतं.

"पण या बाराच आहेत," डॉक्टर म्हणाले. "तीन दिवस कुठे गेले?"

"तवा मी मुरबाडला होतो."

"मग मुरबाडला दुखलं नाही?"

"दुकलं आसंल की."

"असेल म्हणजे?"

"आता मी घरी नवतो, तर बघनार कोन?" कान्हूभाऊ जरा वैतागून म्हणाले. "न मापलेलं माप मी कसं सांगू?"

कान्हूभाऊंना आपण काय बोललो ते सगळ्यांत शेवटी कळलं. तीन दिवसांचे चिंचोके अंदाजानं टाकले असते तर काम भागलं असतं. ते त्यांना जमलं नव्हतं.

डॉक्टरांनी मला मान हलवून खूण केली. मी दार लोटलं. पलीकडे ठकूबाईंचं बाक करकरलं. त्या दाराच्या बाजूला सरकल्या असणार.

"कुणाचं मनगट आहे?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"वयनीचं."

आई गेली तेव्हा कान्हूभाऊ चार वर्षांचे होते. थोरल्या भावाच्या बायकोनं त्यांना वाढवलं. पुढे भाऊ गेला. यांनी लग्न केलं नाही. घरात ही दोघंच राहिली. दीड-दोन वर्षांपासून वहिनींची बोटं वाकडी व्हायला लागली होती.

"मग त्यांना का नाही आणलंत?"

"ती म्हनली, तुजं म्हनून आन. माजे हात गेले असं गावात झालं तर उद्या शेजारनी पीठ घेऊन दारात येतील. मला कुनाचं पीठ नको." कान्हूभाऊ टेबलाकडे बघत बोलत होते. "रोज सकाळी ती शेरभर तांदूळ दळायला घेती. जेवडं सुपात ऱ्हातं, तेवडं दुकनं. कान, जळजळ सांगती, दुकनं तेवडं तोंडानं सांगत नाय. मग मी सूप बघतो."

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "माणूस बघितल्याशिवाय मी औषध बदलत नाही. दीड वर्ष मी पाऊणशे शेर वजनाच्या पुरुषाचा डोस देतोय. त्या केवढ्या आहेत?"

"असतील तुमच्या खुर्चीएवड्या."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणि मी सायकलींवर सापगावला गेलो, कान्हू मापाऱ्यांचं मनगट तपासायला. शेजारणी जमल्या. कान्हूभाऊ ओट्यावर हात गुडघ्यावर घेऊन बसले, आणि डॉक्टर पाणी प्यायला म्हणून आत गेले ते अर्धा तास आले नाहीत. आत वहिनी एकेका प्रश्नाला नीट उत्तर देत होत्या. कधी दुखतं, किती वेळ बरं वाटतं, कान कधी वाजतात. दीड वर्षात त्यांना हे कुठल्या डॉक्टरानं विचारलंच नव्हतं. सांगायला मात्र सगळं तयार होतं. बाहेर ओट्यावर कान्हूभाऊ अधूनमधून "आई गं" करत होते. आता ते बरंच जमायला लागलं होतं.

डॉक्टरांनी बाटलीतलं औषध बंद केलं. निम्म्या ताकदीच्या पुड्या, जेवण झाल्यावर. रात्री कोमट तेल आणि फडकं. "आणि महिनाभर जातं बंद," असं त्यांनी वहिनींना बजावलं. त्या "बरं" म्हणाल्या. कोण दळणार हे डॉक्टरांनी विचारलं नाही. डॉक्टरांच्या घरचं पीठ गिरणीतून येत असे.

त्यानंतर कान्हूभाऊ पुड्या न्यायला आलेच नाहीत. दहाव्या दिवशी मीच निघालो. दुपारची वेळ, गाव शेतावर गेलेलं, आणि कान्हूभाऊंचं दार आतून लावलेलं. आत जात्याची घरघर चालली होती. दोन फेरे, मग थांबायचं. पुन्हा दीड फेरा.

"जाड पडतंय रे," वहिनींचा आवाज आला. "हात हलका ठेव."

"वयनी, हळू बोल. कोन तरी ऐकंल."

"ऐकू दे. चाळीस वरसं मी दळलं, तवा कोन ऐकाया आलं?"

त्या काळात आमच्या भागात पुरुषानं जात्यावर बसणं म्हणजे गावाला वर्षभराची करमणूक. मी दार वाजवलं नाही. ओट्यावर बसून राहिलो.

"तुजे हात दुकत असतील," वहिनी थोड्या वेळानं म्हणाल्या.

"नाय गो."

घरघर बराच वेळ चालली. ती थांबल्यावर मी थोडं अंतर चालून गेलो, चपला वाजवत परत आलो आणि खाकरलो. कान्हूभाऊ दार उघडून बाहेर आले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते.

"कंपांडरभाऊ, या की. जरा पडलो होतो."

मी पुड्या कशा घ्यायच्या ते सांगितलं. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं, पण पुड्या घ्यायला हात काही पुढे केला नाही. मग मी त्या ओट्याच्या कडेला ठेवल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर एक खडा ठेवला, आणि शहापूरच्या वाटेला लागलो.